गिरणगावातील कोवळ्या माता

परळ-लालबागच्या चाळींतून पूर्वी तान्ह्या बाळाला अफूची गोळी देऊन आई गिरणीत जाई. तिला निष्ठुर ठरविण्यापूर्वी तिच्या वयाकडे पाहावे, असे आम्हांस वाटते. मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ वर्षे ठरविणारा सारडा कायदा १९२९ सालचा; म्हणजे पंधराव्या वर्षीचे मातृत्व त्यालाही मान्यच होते. बाळ निजून राहिले तरच मजुरी पदरात पडे. १९२६ साली परळला वाडिया प्रसूतिगृह उभे राहिले. १९२९ साली मुंबई प्रांताने प्रसूतिलाभाचा कायदा केला व गिरणीतील बाळंतिणीस भत्ता मिळू लागला. उपदेशापेक्षा हा आधारच त्या मातांच्या अधिक कामी आला. आज अशी कोवळी आई आपल्या दारी आली, तर प्रथम तिचे बाळ हाती घ्यावे. प्रश्न मागाहून विचारावेत.