काचपेटीतल्या बागेत कीड शिरू नये म्हणून काय करावं?

काचपेटीत माती घालून, झाडं लावून त्यात गेको किंवा छोटे सरडे ठेवणाऱ्यांची पहिली तक्रार ठरलेली असते : आत बारीक काळी चिलटं उडताहेत. मग कोणीतरी फवारणीची बाटली सुचवतं आणि खरा धोका तिथून सुरू होतो. ही चिलटं सरड्याला काही करत नाहीत. बंद पेटीत मारलेलं औषध मात्र त्याच्या कातडीला लागतं, पाण्याच्या वाटीत उतरतं आणि औषध लागलेला किडा खाल्ला की पोटातही जातं. म्हणून कीड दारातच अडवायची. आत एकदा शिरली, तर औषधाशिवायच काढायची.

आधी कायद्याचं. घोरपड, तारा कासव, आपल्याकडचा शॅमेलिऑन हे सगळे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. त्यांना घरात ठेवणं गुन्हा आहे, राज्य कुठलंही असो. हिरवा इग्वाना, बॉल पायथन यांसारख्या, आंतरराष्ट्रीय वन्यजीव व्यापार करारात येणाऱ्या परदेशी प्रजातींची नोंद २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. (इग्वाना वाढून पाच फुटांपर्यंत जातो, त्याला काचपेटी पुरत नाही, हेही घेण्याआधीच बघावं.)

कीड येते नर्सरीच्या पिशवीतून

बहुतेक कीड रोपाबरोबर येते. पानामागे मावा, देठाच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण, मातीत चिलटांची अंडी. रोप आणलं की पिशवीतली माती पूर्ण झटकून टाकावी, मुळं वाहत्या पाण्यात धुवावीत, पानाच्या मागच्या बाजूला पाण्याची धार मारावी. नंतर ते रोप पेटीपासून लांब, वेगळ्या कुंडीत निदान महिनाभर ठेवायचं. चिलटांची एक पिढी तीन ते चार आठवड्यांत पुरी होते, त्यामुळे आठ दिवस थांबून उपयोग नाही. पिठ्या ढेकूण दिसला तर याच काळात, पेटीबाहेर, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून घ्यावा.

धुऊन न जाणारी एक गोष्ट असते. इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसात उतरतं आणि कित्येक महिने राहू शकतं. पानं खाणाऱ्या प्राण्याच्या पेटीत असं रोप नकोच. त्यापेक्षा ओळखीच्या घरातून, फवारणी न केलेल्या मनीप्लांटची फांदी आणून पाण्यात मुळं फुटू द्यावीत. खर्च शून्य, आणि नर्सरीची मातीही घरात येत नाही. पानं खाणाऱ्या प्राण्याला मात्र मनीप्लांट चालत नाही. तो चावला तर तोंडाची आग होते.

कोकोपीटवर उकळतं पाणी ओतावं. माती आणि पालापाचोळा इडलीपात्रात अर्धा तास वाफवून घ्यावा, भांडं अर्थातच जुनं. ताजं शेणखत किंवा गांडूळखत आत घालणं म्हणजे माश्यांना आवतण.

आत चिलटं झालीच तर

त्यांच्या अळ्या वरच्या दोन-तीन इंच ओल्या मातीत राहतात. तेव्हा वरचा थर कोरडा पडू द्यायचा आणि फवारा मातीवर न मारता पानांवर मारायचा. खाली विटांच्या तुकड्यांचा थर असेल तर पाणी साचत नाही. डासांच्या अळ्यांसाठी वापरतात ते बीटीआय हे जिवाणूंचं औषध या अळ्यांवरही चालतं आणि सरड्याला बाधत नाही. पण ते अंडी, कोष आणि उडणारी चिलटं मारत नाही. त्यामुळे पाकिटावरच्या प्रमाणात तीन-चार आठवडे देत राहावं लागतं. एकदा देऊन ‘गुण आला नाही’ म्हणणारेच जास्त.

शेतात लावतात ते पिवळे चिकट सापळे पेटीच्या बाहेर टांगावेत. आत लावले तर पाल चिकटते आणि सोडवताना कातडी निघते. चुकून चिकटलीच तर ओढू नये, खाद्यतेल लावून हळूहळू सोडवावी.

मातीत पांढरे, उड्या मारणारे सूक्ष्म किडे दिसले तर घाबरायचं कारण नाही. कुंडी उचलली की खाली सापडणारे राखाडी आयसोपॉडही तसेच. दोघं बुरशी, कुजका पाला, विष्ठा खातात. हे कामाचे गडी आहेत, राहू द्यावेत.

मुंगी, पाऊस आणि उन्हाळा

मुंग्यांसाठी जुन्या फडताळाची युक्ती अजून उत्तम : टेबलाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या. टेबल भिंतीला टेकता कामा नये आणि दिव्याची वायरही पूल होऊ शकते, हे बघावं. मुंग्यांचा खडू नको, त्यात कीटकनाशकच असतं. त्याच खोलीत डासांची कॉइलही नको. ‘घरगुती’ म्हणून तंबाखूचं पाणी तर अजिबात नको. निपाणी भागात तंबाखू हाताशी असली तरी निकोटीन हे जहरच आहे.

मिरगाच्या तोंडावर बेळगाव-गोव्याकडे दिव्याभोवती पंखवाले किडे गोळा होतात, तेव्हा संध्याकाळी पेटीचे दिवे लवकर बंद करावेत. झरोक्याला पॉलीहाऊसची ४० किंवा ५० मेशची जाळी लावता येते. ती हवा कमी सोडते, म्हणून झरोका मोठा ठेवावा लागतो. इंदूर, ग्वाल्हेरच्या कोरड्या उन्हाळ्यात उलट त्रास : पानांवर लाल कोळी पडतो. तिथे पानं रोज ओली करणं हाच उपाय.

खाद्य आणि रक्तपिपासू माइट

खायला सोडलेले रातकिडे उरले की रात्री झाडं कुरतडतात, झोपलेल्या सरड्यालाही चावतात. वाडग्यात द्यावेत, उरलेले संध्याकाळी काढावेत. घरातली झुरळं पकडून घालू नयेत, ती कुठलं औषध खाऊन आली हे कळत नाही.

पाण्याच्या वाटीत बुडालेले काळे ठिपके, खवल्यांच्या फटीत किंवा डोळ्याभोवती हलणारे दाणे दिसले तर ते मातीतले किडे नव्हेत. ते रक्त पिणारे माइट असतात आणि बहुधा नव्या प्राण्याबरोबर येतात. म्हणून नवा प्राणी निदान महिनाभर कागद अंथरलेल्या साध्या डब्यात ठेवावा. माइट पेटीत पोचले तर झाडं-मातीसकट सगळं बाहेर काढावं लागतं. प्राण्यावरचा उपचार पशुवैद्यानेच ठरवायचा. गुराढोरांना देतात ते आयव्हरमेक्टिन कासवांना जीवघेणं ठरतं. दुकानदाराच्या सांगण्यावरून ते कधीही देऊ नये.