लोहाराचा भाता आणि अमेरिकेची मसल कार

१/
अमेरिकेत आज मस्टँगचा मालक सुपरचार्जरचे किट विकत घेतो, तेव्हा त्या खोक्यात इंजिनात हवा कोंबणारा पंप असतोच. त्याबरोबर मोठे इंजेक्टर, हवा थंड करणारा इंटरकूलर, इंजिनाच्या संगणकासाठी नवे प्रोग्रामिंग आणि अनेकदा बॉनेटखाली चिकटवायचे सरकारी मंजुरीचे लेबलही असते. संगणक आणि सरकारी नियम यांनीच मसल कार मारली, असे तिचे चाहते वर्षानुवर्षे म्हणत आले. या खोक्याचा इतिहास मात्र वेगळे सांगतो.

२/
इंजिनाची ताकद पेट्रोलइतकीच हवेवर ठरते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १५ किलो हवा लागते. पेट्रोल हवे तितके ओतता येते. हवा मात्र पिस्टन खाली जाताना जेवढी आत येईल तेवढीच. लोहार भात्याने वारा घालून निखारा फुलवतो, तसेच काम सुपरचार्जर करतो. फक्त त्याचा पट्टा इंजिनाच्याच क्रँकशाफ्टवरून फिरतो. म्हणजे भाता हलवण्याची मजुरीही इंजिनालाच भरावी लागते.

३/
ही उपमा केवळ अलंकार नाही. इंडियाना राज्यातील कॉनर्सव्हिल येथे फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या बंधूंची लोकरीची गिरणी होती. पाणचक्कीला पर्याय शोधताना त्यांनी एकमेकांत गुंतून फिरणाऱ्या दोन पात्यांचे यंत्र घडवले. ते पाण्यापेक्षा हवेसाठी अधिक उपयोगी ठरले. १८६० मध्ये त्याचे पेटंट झाले आणि ते ओतशाळांच्या भट्ट्यांना वारा घालू लागले, खाणींत ताजी हवा पोहोचवू लागले. मोटारगाडीचा जन्म व्हायला तेव्हा पंचवीस वर्षे अवकाश होता.

४/
१९२१ च्या बर्लिन प्रदर्शनात मर्सिडीझने सुपरचार्जर बसवलेल्या प्रवासी गाड्या मांडल्या. त्यांपैकी एकीच्या नावात पुढे १०/४०/६५ असे तीन आकडे आले. पहिला करआकारणीचा, दुसरा सुपरचार्जर बंद असतानाच्या अश्वशक्तीचा, तिसरा तो चालू असतानाचा. इंजिन तेच, ४० चे ६५. अशा गाड्या तेव्हा श्रीमंतांनाच परवडत.

५/
सामान्य कारागिराच्या हाती सुपरचार्जर पडला तो महायुद्धामुळे. जनरल मोटर्सने १९३८ मध्ये टू-स्ट्रोक डिझेल इंजिनांची ‘७१’ मालिका आणली. प्रत्येक सिलिंडर ७१ घनइंचांचा. अशा इंजिनात जळका वायू बाहेर ढकलून ताजी हवा भरायला स्वतंत्र पंप लागतो, म्हणून त्यावर रूट्स जातीचा ब्लोअर असे. सैनिकांना किनाऱ्यावर उतरवणाऱ्या हिगिन्स बोटींमध्ये याच मालिकेतील सहा सिलिंडरची ‘६-७१’ इंजिने होती.

६/
युद्ध संपले आणि लष्करी सामान जुन्या बाजारात आले. दक्षिण कॅलिफोर्नियात कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर जुन्या फोर्ड गाड्या पळवणाऱ्या तरुणांना त्यात खजिना सापडला. बार्नी नवारो याने तीन सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचा ३-७१ ब्लोअर फोर्डच्या व्ही-८ इंजिनावर बसवला, आणि ही वाट मळली. पुढे ६-७१ हा ड्रॅग शर्यतींचा जणू मानदंड झाला. पण ते तयार किट नव्हते. पुली, बैठक, मॅनिफोल्ड हे सारे ज्याचे त्यानेच जुळवायचे.

७/
खरी अडचण पुढेच होती. समुद्रसपाटीला हवेचा दाब दर चौरस इंचाला १४.७ पौंड असतो. त्यात सात पौंडांची भर घातली, तर कागदावर जवळजवळ दीडपट हवा सिलिंडरात जाते. पण दाबलेली हवा तापते. ठिणगीची ज्योत पसरण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप पेटते; हेच नॉकिंग. ते थांबले नाही, तर पिस्टन वितळतात, गॅस्केट उडते. म्हणून जास्त हवेबरोबर नेमके तेवढे जास्त पेट्रोल आणि थोडी उशिरा ठिणगी लागते. हा हिशेब क्षणोक्षणी ठेवणे कार्ब्युरेटरच्या आवाक्याबाहेरचे होते.

८/
हिशेब सोपा करण्याचा पहिला मोठा प्रयत्न रॉबर्ट मॅककलॉक या उद्योजकाचा. चेन-सॉ यंत्रांमुळे प्रसिद्ध झालेल्या याच गृहस्थाने १९६८ मध्ये जुना लंडन ब्रिज विकत घेतला आणि ॲरिझोनात नेऊन उभारला. पन्नासच्या दशकात त्याच्या कंपनीने ‘व्हीएस-५७’ हा वेगाने फिरणाऱ्या पंख्याचा सुपरचार्जर बाजारात आणला. गरजेनुसार त्याचा वेग बदलत असे आणि दाब पाच पौंडांच्या आसपासच राही. हा संयम मुद्दाम होता: गिऱ्हाइकाचे इंजिन टिकले पाहिजे.

९/
कारखान्यांनीही तो स्वीकारला. १९५७ मध्ये स्टुडबेकरच्या गोल्डन हॉकला सुपरचार्जरसह २७५, तर फोर्डच्या थंडरबर्डला ३०० अश्वशक्ती मिळाली. पण त्याच वर्षीच्या जूनमध्ये अमेरिकन मोटार उत्पादकांच्या संघटनेने शर्यतींपासून दूर राहण्याचा ठराव केला. सुपरचार्जर पुन्हा हौशी मालकांच्या गॅरेजकडे वळला.

१०/
मग १९६४ मध्ये पाँटिॲक जीटीओ आली. मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे मोठे इंजिन, तेही तरुणांना झेपेल अशा किमतीत. मसल कारचे युग बहुतेक जण येथून मोजतात. पेट्रोल स्वस्त होते आणि मोठे इंजिन कारखान्यातूनच मिळत होते. मग नाजूक हिशेबाचा भाता कोण बसवणार? कॅरोल शेल्बीने १९६६ च्या जीटी-३५० साठी पॅक्स्टन सुपरचार्जरचा पर्याय दिला, परंतु तशा गाड्या अगदी मोजक्याच निघाल्या.

११/
युगाचा अंत झपाट्याने आला. १९७० चा स्वच्छ हवा कायदा, तरुण चालकांसाठी महागलेला विमा, १९७३ चे तेलसंकट. १९७५ च्या साध्या कॉर्व्हेटची ताकद १६५ अश्वशक्तीवर आली. १९७२ पासून मोजण्याची पद्धत अधिक कडक झाली होती, तरीही घसरण खरी होती. चाहत्यांचा राग नियमांवर आणि एक्झॉस्टला बसवलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर निघाला.

१२/
त्या दशकाच्या शेवटी, १९७९ मध्ये, ऑस्ट्रेलियातून ‘मॅड मॅक्स’ आला. नायकाच्या काळ्या फोर्ड फाल्कनच्या बॉनेटमधून ब्लोअर वर आलेला. बटण दाबताच तो फिरू लागतो. जगभरच्या तरुणांच्या मनात सुपरचार्जरचे चित्र ठसले ते हेच. चित्रीकरणातला तो ब्लोअर मात्र केवळ देखावा होता. इंजिनाला त्याचा काडीचाही उपयोग नव्हता.

१३/
खरा बदल शांतपणे झाला. प्रदूषणाचे नियम पाळायचे तर पेट्रोल थेंबाथेंबाने मोजावे लागणार होते. त्यासाठी संगणक, सेन्सर आणि फ्युएल इंजेक्शन आले. फोर्डच्या ५.० लिटर मस्टँगला १९८६ मध्ये नवी इंजेक्शन पद्धत मिळाली, आणि १९८९ पर्यंत इंजिनात जाणारी हवा प्रत्यक्ष मोजणारा सेन्सर. सुपरचार्जरला पन्नास वर्षे ज्या हिशेबनिसाची गरज होती, तो सरकारी सक्तीमुळे गाडीत आयता बसला होता.

१४/
परिणाम नव्वदच्या दशकात दिसला. व्हॉर्टेक, पॅक्स्टन, प्रोचार्जर यांची किट मस्टँगवर बसू लागली. मूळ इंजिन न उघडता, कारखान्यातल्याच बोल्टच्या जागा वापरून, घरच्या गॅरेजात ते बसवता येई. सुरुवातीच्या किटमध्ये हवेच्या दाबाबरोबर पेट्रोलचा दाब वाढवण्याची साधी युक्ती असे. पुढे संगणकाचे प्रोग्रामिंगच बदलता येऊ लागले.

१५/
नियमांनीही एक दार उघडे ठेवले होते. प्रदूषण वाढवू शकणारा बदल कॅलिफोर्नियात बेकायदा आहे. मात्र प्रदूषण वाढत नाही असे उत्पादकाने चाचणीत सिद्ध केले, तर राज्याचे हवा मंडळ त्या भागाला आदेश क्रमांक देते. तोच क्रमांक त्या लेबलावर असतो. मालकासाठी त्याचा अर्थ एवढाच: गाडी तपासणीत नापास होणार नाही.

१६/
मग कारखानेही परतले. २००३ च्या मस्टँग कोब्राला सुपरचार्जरसह ३९० अश्वशक्ती होती. दाब सोसण्यासाठी आत फोर्ज्ड पिस्टन दिले होते. २०१५ च्या डॉज चॅलेंजर हेलकॅटने ७०७ चा आकडा गाठला. तिचा सुपरचार्जर पूर्ण वेगात फिरवायलाच सुमारे ८० अश्वशक्ती खर्ची पडते. भात्याची मजुरीच कधीकाळच्या अख्ख्या गाडीएवढी झाली.

१७/
वाद मिटलेला नाही. प्रदूषणनियंत्रण काढून टाकणारे भाग आणि प्रोग्रामिंग विकणाऱ्यांवरील कारवाईला केंद्रीय पर्यावरण संस्थेने २०२० ते २०२३ या काळात विशेष प्राधान्य दिले. डॉजने २०२३ मध्ये व्ही-८ चॅलेंजरचे उत्पादन थांबवले. दुसरीकडे २०२४ च्या मस्टँगसाठी ८०० हून अधिक अश्वशक्तीचे किट फोर्डच्याच विभागाकडून वॉरंटीसह मिळू लागले.

१८/
रूट्स बंधूंचे तत्त्व आजही बहुतांशी तेच आहे. बदलली ती त्याच्याभोवतीची मोजदाद. १९५० च्या गॅरेजात ब्लोअर बसवणाऱ्याला आपला अंदाज चुकल्याचे पिस्टनला भोक पडल्यावर कळे. आजच्या मालकाला ते नॉक सेन्सर आधी सांगतो. ज्या नियमांनी मसल कार संपली असे मानले गेले, त्यांनीच तो हिशेबनीस तिच्या बॉनेटखाली आणून बसवला.