जुन्या राजदूत-येझदीची चेन बदलताना : आधी मोजा, मग खोला

चिचगड (ता. देवरी) : रोवणीच्या दिवसांत बांधीच्या चिखलातून आणि जंगलातल्या कच्च्या रस्त्यावरून धावणाऱ्या जुन्या फटफट्या परिसरात अजूनही दिसतात. येझदीचा म्हैसूरचा कारखाना 1996 मध्ये बंद पडला, राजदूतही बाजारातून गेली. पण गाड्या चालूच आहेत. अशा गाडीची चेन धावत्या वेगात तुटून मागच्या चाकात अडकली, तर चाक जागीच जाम होते आणि चालवणारा फेकला जातो. त्यामुळे "खडखड तर नेहमीचीच" म्हणून चालढकल करू नये.

चेन बाद झाली का, हे मोजूनच ठरवावे. 428 नंबरच्या चेनमध्ये एका पिनेपासून दुसऱ्या पिनेचे अंतर 12.7 मिलिमीटर असते. म्हणजे ताणून धरलेल्या चेनच्या 20 कड्या 254 मिलिमीटर भरतात. हेच माप 259 वर गेले की चेन संपली. नंबर जुन्या चेनच्या पट्टीवर कोरलेला असतो, तो पाहूनच नवी घ्यावी. कड्याही मोजून घ्याव्या. सॉकेटचे दात आकड्यासारखे वाकले असतील तर दोन्ही सॉकेट सोबतच बदलावे, नाही तर नवी चेनही लवकर खराब होते. इथे पैसे वाचवणे महागात पडते.

या गाड्यांची चेन बंद कव्हरात असते, आणि नवशिक्याची फजिती तिथेच होते. जुनी चेन ओढून काढली की नवी आत घालायला मार्गच उरत नाही. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, मेन स्टँडवर. मागचा एक्सल ढिला करून चाक पुढे सरकवावे. चेनलॉक उघडून जुन्या चेनच्या टोकाला नवी जोडावी आणि दुसऱ्या टोकाने जुनी हळूहळू ओढावी. नवी आपोआप आत येते. सॉकेट बदलायचे असल्यास, किंवा चेन आधीच तुटली असल्यास, कव्हरातून मजबूत दोरी ओवून ठेवावी.

लॉकच्या क्लिपकडे मात्र नीट पाहावे. तिचे बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवे. वरच्या बाजूला ते इंजिनकडे येते, खालच्या बाजूला मागे. उलटी बसवली तर दगड-काडी लागून क्लिप निघू शकते.

माणूस बसलेला असताना चेन साधारण 20 ते 30 मिलिमीटर खालीवर हलावी. चाक हाताने फिरवून सर्वांत घट्ट जागी हे बघावे. दोन्ही बाजूंचे अॅडजस्टर सारखे फिरवून चाक सरळ ठेवावे, एक्सल कसावा, मग मागचा ब्रेक पुन्हा सेट करावा. चाक सरकले की ब्रेकही बदलतो, हे अनेकजण विसरतात. इंजिन चालू ठेवून चेनला तेल लावू नये, बोटे जातात. चाक हातानेच फिरवून 90 नंबरचे गिअर ऑइल सोडावे. कव्हराचे रबरी बूट फाटले असतील तर तेही बदलावे, त्यातूनच चिखल आत शिरतो. नवी चेन सुरुवातीला थोडी ढिली पडतेच. आठवडाभराने ताण पुन्हा तपासावा.