बोट थांबेल ते गाव

मुंबईकरांनी मे महिन्याच्या सुट्टीत कोकण किनाऱ्यावरच्या कोणत्या गावी जायचे, हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जवळजवळ शंभर वर्षे आगबोटीच्या थांब्यांनी ठरवले. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत दक्षिणेकडे जाई. ज्या गावापुढे ती नांगर टाकी, त्या गावाची बाजारपेठ वाढे आणि नाव मुंबईत सर्वांच्या तोंडी असे. एका खाडीपलीकडचे तितकेच देखणे गाव मात्र परक्याला ठाऊकही नसे.

त्याआधी केवळ समुद्र पाहण्यासाठी किनाऱ्यावर जाण्याची रीत कोकणात नव्हती. पुळण कोळी, खारवी आणि गाबीत यांच्या कामाची जागा होती. तिथे होड्या ओढल्या जात, जाळी दुरुस्त होत, मासळी सुकत पडे. गुहागरात समुद्राच्या बाजूची जुनी घरे आजही तोंड रस्त्याकडे करून उभी आहेत. त्यांच्या मागे नारळी-पोफळीच्या वाड्या आणि वाड्यांच्या मागे समुद्र. परगावचा माणूस येई तो देवाच्या ओढीने. गुहागरचा व्याडेश्वर अनेक घराण्यांचा कुलस्वामी. गणपतीपुळे, कुणकेश्वर, हरिहरेश्वर ही स्थानेही अगदी लाटांना लागून. हरिहरेश्वराची प्रदक्षिणा खडकांवरून जाते आणि ती ओहोटी पाहूनच घालावी लागते. कोकणातल्या किनारी पर्यटनाचे मूळ शोधायचे तर ते हवा पालटायला जाणाऱ्यांत नाही, कुलदैवताच्या दर्शनाला जाणाऱ्यांत सापडते.

आगबोटींनी ही ये-जा शेकड्यांवरून हजारोंवर नेली. आधी शेफर्ड कंपनीच्या बोटी धावत. स्वदेशीच्या चळवळीत देशी भांडवलाची कंपनी उभी राहिली, ती ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणून लोकांच्या ओठी बसली. डेकवर सतरंजी पसरून जागा धरणारे प्रवासी बहुतेक चाकरमानी होते: गिरण्यांतले कामगार, कचेऱ्यांतले कारकून, गोदीतले हमाल. ते पर्यटक नव्हते, आपल्या घरी निघाले होते. शाळा सुटल्या, आंबे उतरू लागले, फणस पिकले, लग्नांचे मुहूर्त निघाले की बोटी भरून जात. या प्रवाशांपुढे गावाची निवड नव्हतीच. पण त्यांच्याबरोबर शेजारी, मित्र, चाळीतली मुले येऊ लागली आणि परक्याला आपल्या किनाऱ्यावर पाहुणा म्हणून नेण्याची चाल पडली.

उतरणे हा या प्रवासातला सर्वांत कठीण भाग होता. बहुतेक बंदरांत पाणी उथळ असल्याने बोट खोल समुद्रातच थांबे आणि किनाऱ्यावरून पडाव येऊन तिला भिडे. लाटेबरोबर पडाव वर येई, पुन्हा खाली जाई. तो वर आला की त्या क्षणी पाय टाकायचा. खलाशी दंड धरून माणसे घेत, मुले हातोहात खाली जात, ट्रंका आणि वळकट्या मागून येत. पडाव भरला की तांडेल तो किनाऱ्याकडे वळवी, आणि गुडघाभर पाण्यात उतरून माणूस गावाला लागे. हर्णैसमोर हे चाललेले असताना शेजारी सुवर्णदुर्ग उभा असे. कित्येकांनी तो जलदुर्ग आयुष्यभर पाहिला तो एवढाच, पडावातून.

दक्षिणेकडच्या बोटी पावसाळ्यापूर्वी बंद होत, त्यामुळे सुट्टीची अखेरही समुद्रच ठरवी. मुंबईजवळच्या टापूत काही बोटी पावसाळ्यातही चालत. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ वादळी समुद्रात बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या दिवशी अमावास्या होती आणि अनेक जण सणासाठी घरी निघाले होते. अलिबाग परिसरातल्या गावांनी हे दुःख पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले आहे.

पुढे एसटी आली, मुंबई-गोवा महामार्ग सुधारला. महामार्ग किनारा सोडून आतून महाड, चिपळूण, कणकवली असा जातो. गर्दी त्या बाजूला सरकली आणि बंदरे ओस पडत गेली. वेंगुर्ल्याने हा अनुभव एकदा आधीच घेतला होता. सतराव्या शतकात डचांची वखार असलेले हे बंदर पुढे बेळगावकडच्या मालाचे दार बनले. १८८०च्या दशकात मुरगाव बंदरापासून घाटावर रेल्वे गेली आणि तो माल तिकडे वळला. आता पाळी दाभोळ, जयगड, विजयदुर्ग यांची होती. मुसाकाजी हे नाव तर आज कोकणाबाहेर कुणी घेत नाही. ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ या शेवटच्या पिढीतल्या बोटीही थांबल्या. प्रवास सुखाचा झाला हे खरे, पण बंदरामागून बंदर पाहत गावी जाण्याची संधी कायमची गेली, ही हानी लहान नाही.

किनाऱ्याला समांतर रस्ता व्हावा म्हणून मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांच्या कारकिर्दीत रेवस-रेडी सागरी मार्गाची कल्पना पुढे आली. तिला खाड्या आडव्या होत्या. २००३ मध्ये दाभोळ खाडीत गाड्या नेणारी फेरीबोट सुरू झाली आणि दापोली-गुहागर एका सहलीत करता येऊ लागले; पुढे इतर खाड्यांवरही तशा बोटी आल्या. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. त्याच सुमारास, १९९७ मध्ये, सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला होता. आता निवडीचा नियमच बदलला. तारकर्ली किंवा काशीद इथे कधी आगबोटींची वर्दळ नव्हती, तरी पांढऱ्या वाळूच्या बळावर ही गावे जुन्या बंदरांपेक्षा मोठी झाली. चाकरमान्याच्या घरातल्या रिकाम्या खोल्या ‘घरगुती राहण्या-जेवणाची सोय’ झाल्या.

बेटांचा इतिहास याहून वेगळा आहे. कोकणात बेटावर जाणे म्हणजे बहुधा किल्ल्यावर जाणे. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सिंधुदुर्गाची उभारणी सुरू केली. चहूबाजूंनी खारे पाणी असताना आतल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी गोड्या पाण्याच्या आहेत. जंजिरा १९४८ पर्यंत सिद्दींच्या संस्थानाचा भाग होता. तिथे राजपुरीहून शिडाच्या होडीने जातात. अलिबागचा कुलाबा ओहोटीला पायी गाठता येतो. खांदेरीवर कोळ्यांचा वेताळ आहे. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवले, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार सागरी किल्ले आहेत.

या बेटांवर समुद्राची सत्ता अजून चालते. सिंधुदुर्गाची प्रवासी होडी वाहतूक दरवर्षी २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद ठेवली जाते. गेटवे ते मांडवा लाँचही त्याच काळात थांबतात. त्यामुळे बेटांसाठी सुट्टीचा पहिला भाग धरावा लागतो. जूनमध्ये मालवणात पोचलेल्याला सिंधुदुर्ग धक्क्यावरूनच पाहावा लागतो.