ग्राइंड, अढी आणि एरंडेल

राजेहो, पीएचडीच्या प्रवेश-मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: "तुमच्या अभ्यासाला पुरावा कशाचा?" कागदपत्रं, मुलाखती, प्रयोग असं काहीतरी सांगून आपण सुटतो. आज असा विषय घेऊ, जिथे एवढ्यावर सुटका होत नाही. अंगाने करायची एखादी अवघड कसरत माणसं कशी शिकली, याचा इतिहास कसा लिहायचा? कसरत दोन सेकंदांत संपते. मग मागे उरतं काय?

मी पदार्थविज्ञानाची विद्यार्थिनी, काम घर्षणावर. म्हणून उदाहरणंही घर्षणाचीच घेते. एक परदेशी आणि जेमतेम पस्तीस-चाळीस वर्षांचं, दुसरं आपल्या अमरावतीचं.

परदेशी उदाहरण म्हणजे ग्राइंड. इनलाइन स्केट्सची चाकं एका ओळीत असतात. ते घालून वेगात यायचं, उडी मारून कठड्याच्या कडेवर किंवा लोखंडी रेलिंगवर उतरायचं आणि चाकं न वापरता बुटाच्या तळावर घसरत जायचं, हा ग्राइंड. आपल्याकडे, अमरावतीत काय नि अकोल्यात काय, स्केटिंग म्हटलं की रिंगणातली शर्यतच डोळ्यांपुढे येते. हा प्रकार पोट्टे मोबाइलवरच बघतात. पण त्यातलं गणित बारावीचं आहे. समजा वेग सेकंदाला ५ मीटर आणि घर्षणांक ०.३, तर साधारण सव्वाचार मीटर घसरून माणूस थांबेल. कडेवर मेण घासून घर्षणांक निम्मा केला की अंतर दुप्पट. स्केटर खरोखरच मेणबत्ती खिशात घेऊन फिरतात. मेण कमी पडलं तर पाय जागीच अडतात आणि धड पुढे जातं, म्हणजे तोंडावर आपटणं आलं. त्यामुळे शिकणाऱ्याला आधी बुटाएवढ्या उंचीच्या कडेवर नुसतं उभं राहायला लावतात, मग हळू वेगात, गुडघे वाकवून आणि वजन किंचित मागे ठेवून घसरायला. अंग आधी घर्षण शिकतं, कसरत नंतर.

आता याचा इतिहास. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या मिनेसोटात ऑल्सन बंधूंनी हे बूट हाती घेतले ते बर्फ नसलेल्या दिवसांत आइस हॉकीचा सराव व्हावा म्हणून. ग्राइंड मात्र त्यांच्या डोक्यात नव्हता. तो आला स्केटबोर्डवरून. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातली मुलं रिकाम्या पोहण्याच्या तलावांत बोर्ड चालवायची; बोर्डाखालचा धातूचा आस तलावाच्या काठावर करकरत घासला जाई, म्हणून नाव ग्राइंड, म्हणजे दळणं, घासणं. इनलाइन बुटाचा तळ प्लास्टिकचा. तो रेलिंगवर दळला जात नाही, सुळकन सरकतो. तरी नाव तेच राहिलं. संशोधकाने इथे थांबायला हवं. शब्द आणि क्रिया जुळत नसतील, तर तो शब्द दुसऱ्या घरून आलेला असण्याची शक्यता मोठी.

दुसरा पुरावा वस्तूंचा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मुलांनी बाजारातले साधे स्केट्स घरीच कापले. मधल्या दोन चाकांमध्ये खाच केली, पट्ट्या ठोकल्या, चाकं लहान केली. कंपन्यांनी खाच असलेले तयार बूट काढले ते त्यानंतर. म्हणजे त्या काळातला एक झिजलेला बूट हातात आला, तर तळ कुठे झिजलाय यावरून मालक कोणता ग्राइंड करायचा हे सांगता येईल. मला तरी हा पुरावा कुठल्याही आठवणीपेक्षा भरवशाचा वाटतो.

आता घरी येऊ. अमरावतीत १९१४ मध्ये अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी उभा केलेला आखाडा म्हणजे आजचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाचं पथक तिथे गेलं आणि कबड्डी, मल्लखांब असे देशी खेळ त्याने जगाला करून दाखवले. १९४९ मध्ये स्टॉकहोमच्या लिंगियाडलाही पथक गेलं. आज त्याच मंडळाचं शारीरिक शिक्षणाचं पदवी महाविद्यालय आहे. आपल्यातल्या निम्म्या लोकांनी मंडळाचं आवार पाहिलं असेल, पण तिथला खांब 'पुरावा' म्हणून किती जणांनी पाहिला?

खांब सागाचा किंवा शिसवीचा, जमिनीवर अडीच मीटरच्या थोडा वर. खाली जाड, वर निमुळता. मग मान आणि टोकाला बोंड. मल्लखांबाचा पाया अढी. हातांनी खांब धरायचा, उलटं होऊन पाय वर न्यायचे आणि पायांनी खांबाला घट्ट मिठी घालायची. (मनातली अढीही अशीच, सहजी सुटत नाही.) ५० किलोच्या मुलाला अढीवर उलटं लटकायचं तर सुमारे ४९० न्यूटन घर्षण हवं, घर्षणांक ०.४ धरला तर पायांनी एकूण सव्वाबाराशे न्यूटन दाब द्यावा लागेल. इथे खांबाचा आकार मदतीला येतो. पाय खाली सरकू लागले की त्यांना आणखी जाड खांब लागतो आणि मिठी आपोआप आवळते. हे कुठल्या तरी सुताराने गणित मांडून केलं असं मी म्हणत नाही. पण शिकण्याची रीत त्या लाकडाच्या आकारात साठलेली आहे, जशी ती स्केटच्या खाचेत आहे.

नावांचंही तसंच. मल्लखांब, म्हणजे मल्लाचा खांब. मूळ उपयोग कुस्तीगिराच्या सरावाचा. समोर जोडीदार नसला की खांबाशी लढायचं. 'बगली' हे नाव मल्लखांबात आहे आणि कुस्तीतही. आता मल्ल उरला नाही, खांबावरची कसरत स्वतंत्र खेळ झाली, तरी नाव जुन्या घराचा पत्ता सांगतंच. ग्राइंडसारखंच.

मग बाळंभटदादा देवधरांची गोष्ट येते. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी बाहेरच्या पहिलवानांनी आव्हान दिलं, बाळंभटदादांनी सप्तशृंगीची आराधना केली, दृष्टांत झाला, माकडाच्या रूपात विद्या मिळाली आणि मल्लखांब पुन्हा सुरू झाला. प्रबंधात हे कसं लिहायचं? काही जण ती तशीच उतरवून ठेवतात, काही जण 'दंतकथा' म्हणून एका ओळीत निकालात काढतात. दोन्ही आळस आहेत. गोष्टीतून माकड बाजूला काढलं तरी बरंच उरतं: पेशवाईच्या अखेरीस दरबारी कुस्तीला मान होता, विद्या गुरूच्या नावावर नोंदवायची पद्धत होती, आणि 'पुन्हा सुरू झाला' म्हणताना सांगणाऱ्याला त्याआधीची एक परंपरा गृहीत धरायची होती. शिवाय झाडावरच्या माकडाची पकड बघून कुणी काही शिकलं असेल, तर त्यात नवल ते काय!

लेखी साधनांत बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांचा 'व्यायामज्ञानकोश' हवाच. १९३६ ते १९४९ या काळात त्याचे दहा खंड निघाले. पण वापरताना एक गोष्ट लक्षात ठेवा. छापलेल्या चित्रात ठरलेली स्थिती पकडता येते, हालचाल नाही. खांबावरचं मयूरासन चित्रात नीट बसतं. फिरकी, वेल, दसरंग यांत सगळा जीव एका पकडीतून दुसऱ्या पकडीत जाण्याचा, आणि तोच पानावर सापडत नाही. म्हणजे साधनच ठरवतं कोणती कसरत टिकली 'दिसेल'. स्केटिंगमध्ये नेमकं उलटं झालं. १९९० च्या दशकातली मुलं व्हिडिओ कॅसेट मागे-पुढे करून शिकली. तिथे हालचाल राहिली, पण शिकवणाऱ्याचं बोलणं हरवलं. पाय कुठे ठेवायचा ते दिसतं. भीती वाटली तर काय करायचं ते नाही.

तिसरा गाळण्याचा टप्पा स्पर्धेचा. मल्लखांबाची पहिली स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा १९८१ मध्ये उज्जैनला झाली आणि नियम, गुण, वेळ ठरत गेले. त्यामुळे खेळ देशभर पोचला; २०१९ मध्ये मुंबईच्या शिवाजी पार्कवर जागतिक स्पर्धाही झाली. पण ज्या कसरतीला गुण नाहीत, ती कोण घोटणार? तिकडे १९९५ च्या पहिल्या एक्स्ट्रीम गेम्समध्ये इनलाइन होतं, दहाएक वर्षांत ते बाहेर पडलं, बाजार आटला आणि शिकवण्याची साखळीही विरली. नियमात बसणं आणि नियमाबाहेर पडणं, दोन्हींत काहीतरी निसटतं.

आता माझा लाडका पुरावा, ज्याकडे इतिहासवाले बघतच नाहीत: एरंडेल. खांबाला ते चोळतात, म्हणजे कातडी सोलवटत नाही आणि लाकूडही टिकतं. इतर खाद्यतेलांपेक्षा ते साधारण दसपट दाट. त्याच्या रिसिनोलेइक आम्लात एक जादा हायड्रॉक्सिल गट असतो, त्यामुळे दाबाखाली तेल बाजूला सरलं तरी पातळ थर पृष्ठभागाला चिकटून राहतो. म्हणूनच जुन्या इंजिनांना ते चालायचं. कॅस्ट्रॉल या नावातला 'कॅस्टर' हाच. स्केटरचं मेण फक्त घसरण्यासाठी. मल्लखांबाच्या तेलाला मात्र दोन परस्परविरोधी कामं: अढी टिकली पाहिजे आणि उतरतीला अंग सरकलंही पाहिजे. किती तेल, कुठे, कधी पुसायचं, हे उस्तादाच्या हाताला कळतं. माझ्या पाहण्यात ते कुठे लिहिलेलं नाही.

तुमच्यापैकी कुणाला हा विषय घ्यायचा असेल तर आत्ताच घ्या. साठ-सत्तर वर्षांपूर्वी वऱ्हाडातल्या आखाड्यांत शिकलेली माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना "इतिहास सांगा" म्हणू नका. मग बाळंभटदादाच ऐकायला मिळतील. खांबाजवळ न्या, हात लावू द्या आणि विचारा, पहिल्या दिवशी काय करायला लावलं, दुसऱ्या दिवशी काय. कॅमेरा बाजूने लावा, पकड दिसेल असा. त्यांनी कसरतीचं नाव घेतलं की वऱ्हाडी उच्चारासकट तसंच लिहा, नियमपुस्तकातलं नाव शेजारच्या रकान्यात. आणि तेल कोणतं, महिना कोणता, पारा किती, हेही टिपा. २० अंशांवरून ४० वर गेलं की एरंडेलाचा दाटपणा चौथ्या हिश्श्यावर येतो; डिसेंबरच्या पहाटे अकोल्यात शिकलेली अढी आणि मे महिन्यातल्या संध्याकाळी शिकलेली अढी एकाच तक्त्यात टाकू नका.