मुळशीचा तिठा



इतिहास म्हटला की किल्ले आणि लढाया डोळ्यांपुढे येतात. तिठ्याचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही, कारण तिठ्यावर राजा राहत नाही. तेथे लोहार, न्हावी, वाणी आणि घटकाभर टेकणारा वाटसरू असतो. परंतु तिठा मोडला म्हणजे साऱ्या खोऱ्याचे जगणे मोडते. पुण्याच्या पश्चिमेस मुळशी पेट्यात हेच घडले.

नीळा आणि मुळा या नद्यांच्या संगमाशी मुळशी वसली होती. पुण्याहून पौडमार्गे येणारी वाट येथून सह्याद्रीकडे जाई आणि ताम्हिणीच्या अंगाने कोकणात उतरे. खोऱ्यातला आंबेमोहोर पुण्याकडे जाई, कोकणातले मीठ घाट चढून येई. या येण्याजाण्यावरच तिठ्याचे पोट चाले.

1919 साली टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली. मुळेचे पाणी अडवावे, ते डोंगरातून पश्चिमेस भिरा येथे सुमारे 500 मीटर खाली सोडावे आणि त्यातून निघणारी वीज मुंबईस न्यावी, अशी योजना होती. सरकारने 1894 चा भूसंपादन कायदा कंपनीच्या हाती दिला. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीस, मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्यांचे पुढारी होते; 'जान किंवा जमीन' ही घोषणा होती. काम काही काळ थांबले, पुन्हा सुरू झाले. स्त्रियांसह अनेकांनी तुरुंग पाहिला.

मग फूट पडली. बऱ्याच जमिनी कर्जापायी पुण्याच्या सावकारांच्या नावे झालेल्या होत्या. सावकारास दर हवा होता, कसणाऱ्यास जमीन. दर ठरला तसा लढ्याचा कणा मोडला. 1924 मध्ये बापटांनी कंपनीची रेल्वे अडविली आणि सात वर्षांची शिक्षा पत्करली. 1927 साली भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. पन्नासाच्या आसपास गावांना झळ लागली. तिठा पाण्याखाली गेला.

मी कामगार चळवळीतला माणूस. ज्या मुंबईत गिरणी कामगारांनी आपल्या संघटना उभ्या केल्या, तिच्याचसाठी ही वीज होती. मागावरचा कामगार आणि बुडालेला मावळा हे एकाच घाटावरचे भाऊ. एकाचा दिवा दुसऱ्याच्या शेतावर पेटला. हे आपण मोकळेपणाने म्हटले पाहिजे. वीज नको होती असे मी म्हणत नाही. किंमत कोणी मोजली, एवढेच विचारतो.

कायद्याने जमिनीला मोल दिले. पण बलुत्यावर जगणाऱ्या लोहाराचे, खंडाने कसणाऱ्याचे, ओझी वाहणाऱ्याचे गिऱ्हाईक आणि शेजार कोणत्या दप्तरात लिहिले होते? शेतमजूर, कुळे व कारागीर यांची कुटुंबे बाधितांत धरणारा केंद्राचा कायदा झाला तो 2013 साली, म्हणजे मुळशीच्या सत्याग्रहानंतर 92 वर्षांनी.

1982 च्या संपानंतर मुंबईच्या बहुतेक गिरण्या एकामागून एक बंद झाल्या. मुळशीचे पाणी मात्र अद्याप भिऱ्यास उतरते आहे. ज्यांच्यासाठी त्याग मागितला ते कारखाने गेले. त्याग तेवढा कायमचा राहिला. म्हणून पुढे कोठेही मोजणीचे साखळदंड पडतील, तेथे आपल्या संघटनांनी पहिली यादी सातबारा नसलेल्यांची करावी. मुळशीने आपल्याला दिलेला धडा हाच आहे.