शिरोरेषा आणि आधाररेषा

हैदराबादेतील विद्यानगरास लागूनच उस्मानिया विद्यापीठाचे विस्तीर्ण आवार आहे. १९१८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने उर्दू हे माध्यम स्वीकारले आणि मराठवाड्यातून येणारे मराठी विद्यार्थी दोन लिप्यांत वावरू लागले. ओळीविषयी या दोन लिप्यांची वृत्ती अगदी भिन्न. नस्तालिक शब्द उजवीकडून डावीकडे उतरणीस लागतो; शिशाच्या चौकोनी खिळ्यांत तो नीट बसेना, म्हणून उर्दू वृत्तपत्रे दीर्घकाळ कातिबाच्या हस्ताक्षरावरूनच छापली गेली. रोमन अक्षर खालच्या आधाररेषेवर उभे राहते. देवनागरी अक्षर मात्र वरच्या रेषेला लोंबते, दांडीवर वाळत घातलेल्या धोतरासारखे म्हणा ना!

या लोंबत्या अक्षराने मुद्रकांची मोठीच परीक्षा पाहिली. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले, तेही रोमन अक्षरांत. पुढे १८०५ साली सेरामपूरला केरीचे मराठी व्याकरण निघाले, त्यात देवनागरी खिळे दिसतात. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांनी या खिळ्यांत सुधारणा केली. त्याच छापखान्यात लहानपणी नोकरीस लागलेल्या जावजी दादाजींनी १८६४ साली आपला टाइप ओतण्याचा कारखाना काढला व १८६९ साली निर्णयसागर छापखाना उभारला. राणोजी रावजी आरू यांच्यासारखा अक्षरे कोरणारा कारागीर त्यांना लाभला, हे मराठी वाचकाचे भाग्य होय.

त्या कारागिरीचे मर्म कशात होते? प्रत्येक खिळ्याच्या माथ्यावर शिरोरेषेचा एकेक तुकडा असे. तो केसभर वरखाली झाला की ओळीच्या पायऱ्या दिसू लागत. शिवाय मराठी ओळ म्हणजे तीन मजल्यांचे घर: मधे अक्षर, वर मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, ऋकार. 'सर्वांनी' या शब्दाला वर जागा हवी, 'शुद्ध' या शब्दाला खाली. जुळारी ओळींत शिशाच्या पट्ट्या घाली त्या याचसाठी. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर आदळला तर ज्याची दृष्टी उताराला लागली आहे, असा वाचक पुस्तक मिटूनच ठेवणार.

आता खिळे गेले. रा. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी घडविलेला 'मंगल' टंक संगणकावर घरोघरी पोचला. परंतु पट्टीचा प्रश्न मिटलेला नाही. वेबपृष्ठांचे रचनाकार समान अंतराच्या अदृश्य रेषा आखतात. अक्षर १६ पिक्सेलांचे, ओळ २४ची. मथळ्याची ओळ ४८ची आणि परिच्छेदांमधील अंतरही २४च्याच पटीत. त्यामुळे शेजारच्या दोन स्तंभांतील ओळी एका पातळीत येतात. ही शिस्त उत्तमच. पण तिचा हिशेब रोमन अक्षरांवरून बेतलेला आहे. मराठीला तेथे २८ किंवा अधिकही लागतात. एकाच ओळीत इंग्रजी व मराठी शब्द आले म्हणजे ब्राउझर सहसा दोहोंचे पाय जुळवितो. माथे मात्र वेगळ्या उंचीवर राहतात. टंकाच्या आराखड्यात वरून लोंबणाऱ्या रेषेची नोंद करण्याची सोय आहे. रचनाकार तिकडे क्वचितच वळतात. साचा इंग्रजी मजकुरावर पक्का करावयाचा आणि मराठी त्यात मागाहून ओतावयाची, अशी रीत पडली आहे. मग मथळ्यातला रफार वरच्या कडेला छाटला जातो आणि 'धर्म'चा 'धम' होतो.